घरचा नंबर

इतिहासात जायचं तर आधी मरावं लागतं, असा नंबरआजीचा पक्का समज होता. त्यामुळे उद्या तिसरीच्या वर्गात ‘इतिहासातील प्रेरणादायी स्त्री’ म्हणून तुमचाच पाठ आहे, असं नातसुनेनं सांगितलं, तेव्हा तिनं कप बशीत ठेवला आणि विचारलं, “मी गेले, आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही?”

“तसं नाही हो आजी,” नातसून म्हणाली. ती त्याच शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावरही वर्गातल्याच आवाजात बोलायची, म्हणून घरात तिला सगळे बाई म्हणत. “आता जिवंत माणसंही चालतात. मुलांना जवळचं उदाहरण द्यायचं, अशी नवी पद्धत आहे.”

“जवळचं म्हणजे तुझ्या सासूचं दे. ती माझ्यापेक्षा जास्त सोसते.”

सासू स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिला ते पटलंही, पण तिचा पाठ कोणी घेणार नव्हतं.

नंबरआजीची गोष्ट गावातल्या पोराटोरांना तोंडपाठ होती. तेव्हा फोनवर आकडे फिरवायची सोय नव्हती. फोन उचलला की एक्स्चेंजमधली बाई नंबर विचारायची आणि समोरच्या बोर्डावरच्या भोकांत दोऱ्या खुपसून दोन घरं जोडून द्यायची. एका भर दुपारी वरच्या तलावाचा बांध फुटला आणि पाणी खालच्या पेठेकडे निघालं. एक्स्चेंजमधले सगळे पळाले. ही एकटी बोर्डासमोर बसून राहिली आणि पेठेतल्या एकेका घराची घंटी वाजवून ‘पाणी येतंय, गच्चीवर जा’ एवढंच सांगत राहिली. पेठेत एक माणूस दगावला नाही. आणि या सगळ्यावर कळस असा, की तिचं स्वतःचं घर त्याच पेठेत होतं, घरात सासरे होते, नणंद होती, शाळेतही न जाणारा एवढासा मुलगा होता. पण स्वतःच्या घरी मात्र तिनं फोन केला नाही. कर्तव्य आधी, घर नंतर!

हे शेवटचं वाक्य तिच्या साहेबांनी सत्काराच्या भाषणात पहिल्यांदा वापरलं. साहेब स्वतः पळालेल्यांपैकी होते, त्यामुळे कर्तव्याविषयी त्यांना फार आदर होता.

घरातली माणसं शेवटच्या क्षणी शेजाऱ्यांच्या शिडीवरून वाचली. सासऱ्यांचं घराला लागून असलेलं घड्याळदुरुस्तीचं दुकान मात्र छपरापर्यंत बुडालं. गिऱ्हाइकांची सगळी घड्याळं एकाच वेळेला बंद पडली आणि म्हातारा पुन्हा कधी दुकानात बसला नाही. सुनेला मिळालेलं पदक त्यांनी भिंतीवर लावू दिलं, पण त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायचे, ते थेट जाईपर्यंत.

नणंद त्याहून कडक निघाली. त्या दुपारपासून ती वहिनीशी बोललीच नाही. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, शिवणाचे क्लास चालवले, त्याच घरात म्हातारी झाली, पण वहिनीशी अवाक्षर नाही. जे काही बोलायचं ते ‘सांग तिला’ म्हणून तिसऱ्याच्या तोंडून. आधी हे काम लहानग्या बाळकडे होतं. बाळ मोठा झाला, पाणीपुरवठा खात्यात चिकटला आणि लग्न करून त्यानं ते काम बायकोच्या गळ्यात घातलं. दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध आख्खा संसार काढलेल्या त्या बाईला सगळे मधलीच म्हणत. गावातलं एक्स्चेंज केव्हाच बंद पडलं, पण घरातलं मधलीनं एक दिवस बंद ठेवलं नाही.

तर पाठाच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या खोलीत सगळे जमले होते, कारण रंगीत तालीम होती. बाईंची मुलगी भिंगरी याच वर्गात. तिला नंबरआजी व्हायचं होतं. वर्गातल्या मुलांनी प्रश्न विचारायचे आणि भिंगरीनं पणजी होऊन उत्तरं द्यायची, अशी पाठाची योजना होती आणि हेडबाईंनी ती मंजूर केली होती. आता भिंगरी स्टुलावर उभी होती आणि आत्या, म्हणजे तीच न बोलणारी नणंद, तोंडात टाचण्या धरून तिच्या निळ्या गणवेशाची पट्टी दुमडत होती.

“आम्ही असलं काही घालत नव्हतो,” नंबरआजी खुर्चीवरून म्हणाली. “सांग तिला.”

“आत्या, आई म्हणतायत, त्या वेळी असा पोशाख नव्हता,” मधली म्हणाली.

“सांग तिला, पोरांना कोण काय नेसत होतं ते बघायचं नाही. लांबून कळायला हवं, की ही थोर बाई आहे.”

“आई, आत्या म्हणतायत…”

“ऐकलं मी. कान शाबूत आहेत. कानांवरच नोकरी केली मी.”

बाळनं टाळ्या वाजवून शांतता मागितली. निवृत्त हेडक्लार्क, डोक्यावर चार केस, पण घरात अजून बाळच. पाण्यानं लहानपणी त्याला सोडून दिलं होतं, पुढे त्यानं जन्मभर पाण्याला सोडलं नाही. आता त्याला एकच ध्यास होता. खालच्या पेठेतल्या चौकाला आईचं नाव मिळवायचं. नगरपालिकेनं होकार भरला होता, दगड घडवायला टाकला होता आणि दगडावर ‘कर्तव्य आधी, घर नंतर’ कोरून झालं होतं.

“हं, भिंगरी, सुरू कर. शेवट जोरात.”

भिंगरीनं छाती पुढे काढली. “मी घाबरले नाही. मी बोर्डापाशी बसून राहिले. मी सगळ्यांना फोन केले. माझ्या स्वतःच्या घरी मात्र मी फोन केला नाही. कर्तव्य आधी, घर नंतर!” आणि तिनं मूठ वर केली. मूठ बाईंनी शिकवलेली नव्हती. ती आजोबांची भर होती.

“ते वाक्य काढ,” नंबरआजी म्हणाली.

“कुठलं?” बाईंनी विचारलं.

“घराचं.”

बाळ खुर्चीतून अर्धा उठला. “आई, अगं, तेच तर वाक्य आहे! ते काढलं तर राहिलं काय? फोन काय, कोणीही करतं.”

“आठ वर्षांची पोरं आहेत ती. पोटच्या पोराला सोडून गावाला फोन करावा, हे शिकवायचं त्यांना?”

“ते सोडलेलं पोर मीच ना? मी कधी तक्रार केली? उलट मला अभिमान आहे, की तू मला फोन केला नाहीस.”

“तुला काय करणार होते? तुला धड हॅलो म्हणता येत नव्हतं.”

मधलीला हसू आलं आणि ते दडवायला ती एकदम सासूच्या बाजूनं बोलून गेली. “मला विचाराल तर मलाही ते वाक्य कधी आवडलं नाही. मी असते तर आधी घरी केला असता.”

“म्हणूनच तुझ्या नावाचा चौक होत नाहीये,” बाळ म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याची काही वाक्यं मधलीला नव्यानं लागायची. तिनं ओठ आवळले आणि त्या क्षणापासून ती वाक्याच्या कट्टर विरोधात गेली. घरात दोन विरुद्ध एक असं झालं. बाई कुंपणावर होत्या. पाठाच्या टाचणात त्यांनी ‘मूल्य : कर्तव्यनिष्ठा’ असं लिहून दिलं होतं आणि ते मूल्य नेमकं त्याच वाक्यात राहत होतं. मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. जिला वहिनीनं बुडायला सोडलं, ती तर हे वाक्य चुलीत घाल म्हणेल, अशी मधलीची खात्री होती.

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “सांग तिला, वाक्य चांगलं आहे. राहू दे.”

मधली सवयीनं सांगायला वळली आणि मध्येच थांबली. इतक्या वर्षांत आत्यानं वहिनीच्या मोठेपणाच्या बाजूनं एक शब्द टाकलेला तिला आठवत नव्हता.

“सांग तिला,” नंबरआजी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला, “तिला चांगलं वाटतं म्हणून पोरांना खोटं शिकवायचं नाही.”

“आई गं!” भिंगरी ओरडली. टाचणी मांडीला लागली होती.

“खोटं?” बाळ म्हणाला. “काय खोटं? दगडावर कोरलंय ते.”

आत्या भिंगरीची मांडी चोळत बसली. नंबरआजी चष्मा पुसायला लागली, आणि चष्मा स्वच्छच होता.

रात्रीच्या जेवणाची भांडी आवरताना बाईंनी नंबरआजीला एकटीला गाठलं. “आजी, खरं सांगा. ते वाक्य खोटं आहे?”

“हो.”

“मग खरं काय?”

“ते माझ्या एकटीचं असतं तर सांगितलं असतं.”

“मग मी उद्या काय शिकवू?”

“बाकीचं शिकव. बोर्ड कसा होता ते शिकव. दोऱ्या कशा लावायच्या, घंटीची कळ किती वेळ दाबायची. पोरांना तसलंच आवडतं. थोरपण काय, ते पुढे कंटाळा येईपर्यंत ऐकतातच.”

बाईंना हे पटलं. पण टाचण मंजूर झालेलं होतं, प्रती काढून झाल्या होत्या, भिंगरीचं पाठांतर झालं होतं, बाळ सकाळी मोबाइल घेऊन शूटिंगला येणार होता. खऱ्याला एवढी तयारी नसते. बाईंनी वाक्य ठेवलं. स्वतःला मात्र त्यांनी असं सांगितलं, की एका वाक्यानं काय होतंय.

सकाळी शाळेकडे जाताना आत्या मुद्दाम मागे राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. गणवेशाचा मागचा हूक ढिला आहे, ऐनवेळी निघाला तर कोण लावणार, असं सांगून ती निघाली होती. खरं कारण हे, की वहिनीच्या तोंडून काल ‘खोटं’ हा शब्द निघाला होता आणि आज ती आणखी काय बोलेल याची तिला भीती वाटत होती.

खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. त्या दुपारी वडील जेवून आडवे झाले होते, बाळ झोपला होता आणि ती दुकानातल्या, घरच्या एकुलत्या एक फोनवरून छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी बोलत होती. छापखाना वरच्या अंगाला होता. जुळारी हसरा होता, देखणा होता आणि वडिलांना तो पसंत पडण्याची सुतराम शक्यता नव्हती. फोन जोडून द्यायला वहिनी नसेल, दुसरी बाई असेल, ती वेळ बघून ते बोलायचे. त्या दिवशी बोलणं चालू असतानाच ड्युट्या बदलल्या आणि ते तिला कळलं नाही. बोलता बोलता कानात एकदम वहिनीचा आवाज आला, “अगं, ऐक…” आणि तिनं घाबरून फोन आपटला.

लगेच घंटी वाजायला लागली. वहिनीनं सगळं ऐकलं, आता रागवायला फोन करतेय, याबद्दल तिला काडीची शंका नव्हती. तिनं उचलला नाही. घंटी थांबेना. वडील उठतील म्हणून तिनं गादीवरची उशी आणली आणि घंटीवर दाबून धरली. उशीखाली घंटी घुरघुरत राहिली, खूप वेळ, वहिनीला एवढा राग आलेला तिनं कधी पाहिला नव्हता. मग ती थांबली. मग दाराच्या फटीतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी ओल्या घरात वडिलांनी सर्वांसमोर सुनेला विचारलं, “सगळ्या पेठेला फोन केलास. घरी का नाही केलास?” वहिनीनं नणंदेकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, “राहून गेलं.”

त्या दोन शब्दांनी आत्या वाचली. पण त्यानंतर वहिनीशी काय बोलायचं, हे तिला सुचेना. आभार मानले तर गुन्हा कबूल करावा लागणार, आणि दुसरं काही बोललं तर ते तोंडावर थुंकल्यासारखं. एक दिवस बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही. घरच्यांनी त्याला राग म्हटलं. तिला ते सोयीचं वाटलं. रागावलेल्या माणसाला घरात एक मान असतो, आणि तो मान तिनं आयुष्यभर खाल्ला. जुळाऱ्याचे निरोप आले, तिनं उत्तर दिलं नाही. त्या फोनला पुन्हा तिनं हात लावला नाही.

वर्गात बोर्ड उभा होता. पुठ्ठ्याला भोकं पाडली होती आणि दोऱ्या म्हणून बुटांच्या नाड्या. मुलांना तो इतका आवडला, की प्रार्थना होईपर्यंत अर्ध्या नाड्या गाठी मारून झाल्या होत्या. हेडबाईंनी “आज आपल्यात साक्षात इतिहास बसलेला आहे” अशी सुरुवात केली. साक्षात इतिहास पहिलीतल्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला होता, कारण दुसरी खुर्ची मिळाली नव्हती. मागच्या भिंतीशी बाळ मोबाइल धरून उभा होता, शेजारी मधली, आणि दाराजवळ सुईदोरा घेऊन आत्या.

पाठ छान रंगला. भिंगरीनं नाड्या खुपसल्या, घंट्या वाजवल्या, पाणी येतंय म्हणून ओरडली. मुलं बाकांवर चढली, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं नाही, कारण ती गच्ची होती. मग भिंगरीनं मूठ वर करून शेवट केला. बाळनं मोबाइल सांभाळत टाळी वाजवली.

“आता विचारा प्रश्न,” बाई म्हणाल्या. “थोर स्त्रीला काय विचारायचंय?”

“तुम्हाला शू लागली तेव्हा काय केलंत?” पहिल्या बाकावरून आलं.

भिंगरीनं पणजीकडे पाहिलं. “धरून ठेवली,” नंबरआजी म्हणाली. सगळ्या पाठात मुलांना तिच्याविषयी खरा आदर वाटला तो इथे.

“तुम्हाला घरचा नंबर पाठ नव्हता का?” दुसऱ्यानं विचारलं.

“होता,” भिंगरी म्हणाली. “पण कर्तव्य आधी, घर नंतर.”

“मग तुमचं बाळ बुडालं?”

“नाही. ते काय, मागे शूटिंग करतंय.”

सगळ्यांनी वळून बाळकडे पाहिलं. त्यानं हात हलवला. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून हुंदका आला. दोन वेण्यांची एक मुलगी डोकं खाली घालून रडत होती. बाई तिच्यापाशी गेल्या. काय झालं, कोणी मारलं का, पोटात दुखतंय का, सगळं विचारून झालं.

“माझी आई हॉस्पिटलात नर्स आहे,” ती म्हणाली. “पाणी आलं तर ती पण सगळ्यांना फोन करेल आणि मला नाही करणार.”

“करेल गं,” बाई म्हणाल्या.

“नाही करणार. माझी आई पण चांगली आहे.”

पाठातून तिनं प्रेरणा घेतली ती एवढीच, आणि अगदी बरोबर घेतली होती. मूल्य जिथे पोचायला हवं तिथे जाऊन पोचलं होतं. हेडबाई मागच्या बाकावर खोकल्या. नंबरआजी छोट्या खुर्चीतून उठायला धडपडू लागली आणि मधली तिला धरायला पुढे झाली. आता ही बोलणार, हे आत्याला दिसलं. पण काय बोलणार? आत्याला वाचवून काय बोलता येणार होतं? पुन्हा एकदा काहीतरी राहून गेलं म्हणेल, आणि ती पोर रडत घरी जाईल.

“केला होता,” आत्या दारातून म्हणाली.

वर्ग तिच्याकडे वळला.

“तिनं घरी फोन केला होता. सगळ्यांच्या आधी घरीच केला. मी उचलला नाही.”

“का?” रडणाऱ्या मुलीनंच विचारलं. तिचं रडं थांबलं होतं.

“मला वाटलं, ती रागवायला करतेय. मी दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होते आणि तिनं ते ऐकलं होतं. म्हणून मी घंटीवर उशी दाबून धरली.” आत्या त्या मुलीकडेच बघून बोलत होती. “ती वाजवत राहिली, वाजवत राहिली. मग बाकीच्यांना करायला लागली. आणि माझं नाव येऊ नये म्हणून घरी सांगितलं, की राहून गेलं. खोटं ती तेवढंच बोलली. बाकीचं सगळं इतरांनी रचलं.”

“कोणाशी बोलत होतात?” पहिल्या बाकाला हा प्रश्न पडलाच.

“छापखान्यातल्या एका मुलाशी.”

“तो बुडाला?”

“नाही. तो वर राहायचा. त्यानं दुसरीशी लग्न केलं.”

“अरेरे,” कोणीतरी म्हणालं.

मागच्या भिंतीपासून पुढे येऊन बाळ मधलीच्या कानाला लागला. “मग दगडाचं काय करायचं?” मधलीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की निवृत्त हेडक्लार्कनं मोबाइल खिशात ठेवला. तिला स्वतःला रडू येत होतं आणि जरा रागही. आयुष्यभर ती ज्यांचं भांडण इकडून तिकडे वाहत होती, त्यांचं भांडण नव्हतंच. आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, हमालाला पेटीत काय आहे ते सांगत नाहीत तसं.

नंबरआजी पुन्हा खुर्चीत टेकून ताठ बसली होती. मुलांना एवढ्या वर्षांचं ओझं काय, त्यांना पाठ पुढे जायला हवा होता.

“मग आता उचला ना,” खिडकीजवळची मुलगी आत्याला म्हणाली.

“हो, आता उचला! भिंगरी, परत कर!”

भिंगरी बोर्डापाशी गेली. तिनं एक नाडी सोडवली, घरचा नंबर म्हणून मधल्या भोकात खुपसली आणि म्हणाली, “ट्रिंग ट्रिंग.”

टाचणात हे नव्हतं. बाईंनी थांबवायला हवं होतं, पण त्या फळ्याला टेकून उभ्या राहिल्या.

“ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.”

आत्यानं सुईदोरा दाराजवळच्या टेबलावर ठेवला. रिकामी मूठ तिनं वर उचलली, अर्ध्यावर थांबली, मग कानाला लावली.

“हॅलो,” ती म्हणाली.

भिंगरीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्या पाठांतरात घरचा फोन कोणी उचललाच नव्हता, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिनं पणजीकडे पाहिलं. छोट्या खुर्चीवरून नंबरआजी बोलली, घरातल्या आवाजात नाही, बोर्डावरच्या त्या सपाट, घाईच्या आवाजात.

“हॅलो. पाणी येतंय. बाळला घेऊन गच्चीवर जा.”

आत्याची मूठ कानालाच होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

“वहिनी, तू रागावली नाहीस ना?”

“रागावणार आहे,” नंबरआजी म्हणाली. “आधी गच्चीवर जा.”